धनुबाईचे आठ दशांश

लोणखेड्याच्या चुडामण पाटलाने सदतीस वर्षं एक काम न चुकता केलं. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला अंगणापलीकडच्या मोकळ्या तुकड्यात जायचं, चार फूट उंच पायांवर उभी असलेली पांढरी झडपांची पेटी उघडायची, आतल्या दोन तापमापकांवरचे आकडे वाचायचे आणि वहीत उतरवायचे. त्याला कुणी पगार दिला नाही. बाहेरगावच्या एका संस्थेने अठ्ठ्याऐंशी साली पेटी आणून रोवली, सूचनांचा एक कागद हातात दिला, दोन वर्षं पत्रं पाठवली आणि मग ती संस्था त्याला विसरून गेली. हा नाही विसरला.

पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात तो प्रयोगशाळेत होता. उसाच्या रसातली साखर मोजायचा. मोजणं त्याच्या हाडात भिनलेलं. पारा चव्वेचाळीस पूर्णांक तीन असेल तर चव्वेचाळीस पूर्णांक तीनच, साधारण चव्वेचाळीस हे त्याच्या तोंडून कधी निघायचं नाही. गाव त्याला ‘पारावाला’ म्हणायचं. बारशाला गेला तरी पाचनंतर चुळबुळ करायचा, आणि लोक म्हणायचे, जाऊ द्या, त्याची पेटी वाट बघतेय. दोन हजार चौदाच्या फेब्रुवारीत धनुबाई गेली, तेव्हा दुपारी तिला अग्नी देऊन हा माणूस घरी आला, अंघोळ केली आणि साडेपाचला पेटी उघडली. त्यावर गाव बरेच दिवस बोललं. बोलणाऱ्यांना हे कळलं नाही की त्या दिवशी त्याला दुसरं काही सुचण्यासारखं उरलंच नव्हतं.

धनुबाई त्याची बायको. माहेर प्रकाशा गावचं, चौथी शिकलेली, उंचनिंच, कामाला वाघ. घरी तेव्हा चुडामणची थोरली बहीण शोभाबाईही होती, नवरा गेल्यावर भावाकडे आलेली. नणंद-भावजयीचं फार गुळपीठ होतं असं नाही, पण दुपारची भांडी दोघी मिळून घासायच्या आणि पोटातलं एकमेकींना सांगायच्या.

धनुबाई गेल्यावर दहा वर्षांनी, म्हणजे गेल्या डिसेंबरात, नेहल आली. शहाद्याच्या चांदमल कापडवाल्याची नात. पुण्यात हवामानावर संशोधन करते. तापीकाठचे उन्हाळे कसे बदलत गेले, हे तिला शोधायचं होतं, आणि त्यासाठी लांबलचक, न तुटलेली नोंद हवी होती. आजोबांनी दुकानात बसल्या बसल्या सांगितलं, अगं, लोणखेड्याला एक वेडा आहे.

चुडामणने तिच्यापुढे सदतीस वह्या ठेवल्या. दर वर्षाची एक. खाकी कव्हर, वर साल, आत रोजच्या दोन ओळी. पोरगी जमिनीवरच बसली. संध्याकाळपर्यंत मोबाइलवर पानांचे फोटो काढत होती, मधे एकदा चहा घेतला, बास. निघताना म्हणाली की आबा, अशी नोंद या पट्ट्यात दुसरीकडे कुठेच नाही, हिच्यावर माझा निम्मा अभ्यास उभा राहील.

त्या दिवसापासून चुडामणला एकच ध्यास लागला. वही खरी ठरावी. बाहत्तर वर्षांच्या माणसाला अजून काय हवं असतं? मुलगा भूपेश सुरतेला, त्याचं त्याचं चाललेलं. आयुष्याचं काही दाखवण्यासारखं असेल तर त्या सदतीस वह्या. आणि त्यांचा अर्थ त्याला ठाऊक होता. कारखान्यात चेष्टा करणाऱ्यांना तो पूर्वीपासून सांगायचा, आज पारा चढला किंवा उतरला यावरून काही कळत नाही, ती झाली आजची हवा. तीस वर्षांचा पारा एकापाठोपाठ एक मांडा, मग त्यातून हवामान दिसेल. जमीन दिवसा तापते, रात्री ती उष्णता वर सोडून देते. धुराड्यातून, गाड्यांतून जो वायू आपण वर सोडतोय तो गोधडीसारखा पसरलाय, ती उष्णता सुटू देत नाही. म्हणून रात्री पूर्वीसारख्या निवत नाहीत. लोक ऐकायचे आणि तंबाखू चोळायचे.

मार्चमध्ये नेहल परत आली, लॅपटॉप घेऊन. चेहरा बघूनच चुडामणला कळलं की काहीतरी अडलंय.

पडद्यावर तिने रेषा दाखवल्या. रात्रीच्या तापमानाची रेषा सदतीस वर्षांत हळूहळू वर गेलेली, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखी, कधी थांबत, पण वरच. तिच्याबद्दल तक्रार नव्हती. भानगड दुपारच्या रेषेत होती. दोन हजार चौदाच्या मार्चमध्ये ती एकदम उडी मारून वर गेली होती आणि मग वरच राहिली होती.

हवामान असं एका महिन्यात उडी मारत नाही, नेहल म्हणाली. असं दिसलं की आम्ही पेटीकडे बघतो. मग तिने एकेक विचारलं. पेटी हलवली होती का? नाही. तापमापक बदलला? नाही. झाड तोडलं, भिंत बांधली, फरशी घातली? नाही, नाही, नाही. रंग? दर दोन वर्षांनी पांढरा, सूचनेप्रमाणे. सगळी उत्तरं खरी होती.

“आणखी एक विचित्र आहे, आबा,” ती म्हणाली. “उडी फक्त मार्च ते जून दिसते. पावसाळ्यात नाही, थंडीत नाही. आणि चौदाच्या आधी दर उन्हाळ्यात एक आठवडा असा येतो की तेव्हाही पारा असाच वर असतो. पहिला उन्हाळा सोडून दर वर्षी. पण तारीख ठरलेली नाही. कधी एप्रिलच्या शेवटी, कधी मेच्या मध्यावर. मला काही छडाच लागत नाही.”

चुडामणने तारखा मागितल्या. तिने वीस-बावीस वर्षांची यादी वाचून दाखवली. चौथ्या-पाचव्या सालालाच त्याचा हात खाटेच्या काठावर घट्ट बसला.

आखाजी. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते. झाडाला झोके बांधतात, बाया गाणी म्हणतात, आठ दिवस कुणाची सासू नाही की नवरा नाही. धनुबाईचा भाऊ ईश्वर प्रकाशाहून न्यायला यायचा, आधी बैलगाडी घेऊन, मग मोटारसायकलवर. तिथी पंचांगावर चालते, म्हणून इंग्रजी तारीख दर वर्षी हलते. पुण्याच्या कॉम्प्युटरला हे कुठून कळणार?

त्याने नेहलला काही सांगितलं नाही. आठवून बघतो म्हणाला. ती गेली.

आता खरं सांगायचं तर आठवून बघण्यासारखं काही नव्हतं. मोरीच्या मागच्या भिंतीला एक खिळा आहे. त्यावर अकरा वर्षं एक गोणपाट लटकत होतं, वाळून पापडासारखं ताठ झालेलं. शोभाबाईने दोनदा ते फेकायला काढलं, दोन्ही वेळा त्याने परत टांगलं. त्या गोणपाटाला पांढऱ्या रंगाचे पापुद्रे चिकटलेले होते. पेटीचा रंग.

गोष्ट अशी. सूचनांच्या कागदात लिहिलं होतं, पेटीजवळ पाणी टाकू नये, कपडे वाळत घालू नयेत, वेल चढवू नये. चुडामणने तो कागद धनुबाईला वाचून दाखवला होता. पहिला उन्हाळा तिने पाळला. दुसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, पारा सेहेचाळीसवर गेला. चुडामण वही मिटून आला आणि ताटावर बसून राहिला, घास उचलेना. शेजारच्या न्हाव्याची म्हैस त्याच दुपारी गोठ्यात बसल्या बसल्या गेली होती. ती म्हैस आणि तो आकडा त्याच्या डोक्यात एक झाले होते.

धनुबाईने तापमापक पूर्वी एकदाच पाहिला होता, भूपेशला विषमज्वर झाला तेव्हा, डॉक्टरच्या हातात. डॉक्टर तो बघायचा आणि झटकायचा. नवराही रोज संध्याकाळी पेटीतला तापमापक काढायचा, बघायचा आणि झटकायचा, कारण दिवसाचा सर्वांत जास्त आकडा दाखवणारा तापमापक तसाच असतो, झटकल्याशिवाय पारा खाली येत नाही. तिने जे पाहिलं त्यावरून जे समजायचं ते ती समजली. पेटीला ताप आहे. भूपेशच्या कपाळावर तिने रात्रंदिवस ओल्या पट्ट्या ठेवल्या होत्या आणि पोर वाचलं होतं.

चुडामण कारखान्यातून साडेपाचला यायचा. रविवारी शेतात असायचा. त्याच्या माघारी काय चालतं हे त्याला माहीत नव्हतं, असं तो स्वतःला सांगत आला. पण ऐन वैशाखात सगळं रान तपकिरी झालेलं असताना पेटीखाली हरळी हिरवी कशी, हे उसाच्या रसातला दशांश ओळखणाऱ्याला दिसू नये? दिसत होतं. बघायचं नव्हतं. निवृत्तीनंतरची शेवटची तीन वर्षं तर तो दुपारी घरातच असायचा. खाटेवर डोळे मिटून पडायचा आणि बादलीची कडी वाजलेली ऐकायचा. वाटायचं, बादलीभर पाण्याने आभाळाचा पारा काय हलणार? उठावं, टोकावं, असं एकदाही केलं नाही. कारण संध्याकाळी तो वही मिटून आला की ती चुलीपाशी बसल्या बसल्या आकडा विचारायची, “कितला शे आज?” आणि त्रेचाळीसच्या आत असला की दोघं पोटभर जेवायची.

एवढीच चूक. पण मोजणाऱ्या माणसाची.

पुढचे आठ दिवस त्याने नेहलचा फोन उचलला नाही. गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं? तारखांचं कोडं तिने ‘कारण अज्ञात’ म्हणून सोडून दिलं असतं आणि दुपारची ती चढलेली रेषा तशीच छापली गेली असती. वर जगही म्हणालं असतं, बघा, तापीकाठी केवढं तापलंय. त्याला भीती होती तेच सिद्ध झालं असतं, पण एका ओल्या गोणपाटाच्या जिवावर. आणि सांगितलं तर पंचवीस उन्हाळ्यांवर लाल शेरा. त्यातही तो शेरा धनुबाईच्या नावाने, जी उत्तर द्यायला नाही.

नवव्या दिवशी शोभाबाईने त्याच्यापुढे भाकरी ठेवली आणि आपणच बोलली. तिला त्या पोरीचं बोलणं ओट्यावरून ऐकू गेलं होतं. “सगळा गावले माहीत व्हतं, चुडामण. तुले बी व्हतं.”

तो म्हणाला, मला कुणी सांगितलं नाही.

“ती सांगे, मास्तरना जीव बसस त्या आकडाम्हा, बोलू नका.” धनुबाई नवऱ्याला थट्टेने मास्तर म्हणायची. “आते तू तिन्हावर टाकी दे आनि मोकळा व्हय.”

हे लागलं. त्याने हात धुतले आणि नेहलला फोन केला. काही सजवलं नाही. बायको पाणी टाकायची, पेटीवर ओलं गोणपाट टाकायची, आखाजीला माहेरी जायची, आणि मला ते कळत होतं. शेवटचं वाक्य त्याने दोनदा सांगितलं, तिने लिहून घ्यावं म्हणून.

नेहलने ते लिहून घेतलं. मग म्हणाली की वह्या फेकायच्या नाहीत. पाण्याने नेमका किती फरक पडायचा हे मोजता आलं तर तेवढा त्या उन्हाळ्यांत मिळवून नोंद दुरुस्त करता येते. फक्त आजी करायच्या तसंच करायला हवं, अगदी तसंच. एक दिवस पाणी, एक दिवस कोरडं, असे चाळीस दिवस. तिने शेजारच्या इंद्रसिंगच्या मोकळ्या शेतात तुलनेसाठी आपोआप नोंद घेणारं एक यंत्र बसवून दिलं.

अगदी तसंच म्हणजे कसं? इथे चुडामण अडला. किती बादल्या? कुठल्या बाजूला? किती वाजता? चौतीस वर्षांच्या संसारातली रोजची गोष्ट, आणि त्याला बादलीच्या कडीचा आवाज सोडून काही माहीत नव्हतं. बहिणीपुढे वही घेऊन बसावं लागलं. शोभाबाईने सांगितलं, त्याने लिहिलं. साडेबाराला, भांडी झाल्यावर. कपडे खळबळलेलं पाणी, दोन बादल्या. एक पेटीच्या चहूबाजूंनी, हाताने शिंपडून, ओतून नाही. दुसरीत गोणपाट बुडवून पेटीच्या माथ्यावर असं टाकायचं की मावळतीकडची झडपं झाकली जातील. मग निंबाखाली बसून राहायचं. गोणपाट वाळलं की परत भिजवायचं, वैशाखात तीनदा.

“निंबाखाली बसून काय करायची?” त्याने विचारलं.

काही नाही, शोभाबाई म्हणाली. पेटीकडे बघत बसायची. आणि तुझ्या सायकलची घंटी आली की पळत जाऊन गोणपाट काढायची.

दहा एप्रिलला सुरुवात केली. तेच गोणपाट घ्यायचं त्याने ठरवलं होतं. खिळ्यावरून काढलं, बादलीत बुडवलं, उचललं तर त्याचे धागे हातात आणि बाकीचं पाण्यात. अकरा वर्षांत ताग कुजून गेला होता. तो बादलीत बघत उभा राहिला. मग शोभाबाईने आतून धान्याचं एक रिकामं पोतं आणून त्याच्या हातात दिलं आणि बादली उपडी केली.

एक दिवसाआड चुडामण पाणी शिंपडायचा आणि निंबाखाली बसायचा. बाहत्तरीच्या माणसाला ती उन्हं सोपी नव्हती. पेटीजवळ जाऊन येईपर्यंत टाळू तापायची. धनुबाईला हे शेवटच्या उन्हाळ्यात कसं झेपलं असेल, हा विचार त्याने टाळला, पण तो विचार रोज आला. तिसऱ्या आठवड्यात पेटीखाली हरळीची बारीक पाती फुटली. मधे आखाजी आली. गावात झोके बांधले गेले, पोरींची गाणी ऐकू येत राहिली. तो दिवस पाण्याचा होता. त्याने पाणी शिंपडलं.

चाळीस दिवस संपले. नेहल आकडे घेऊन आली. आठ दशांश अंश. धनुबाई दर दुपारी पारा आठ दशांशने खाली ठेवायची, पंचवीस उन्हाळे. तेवढे मिळवल्यावर दुपारची उडी नाहीशी झाली आणि रेषा नुसती थोडीशी चढती उरली. रात्रीची रेषा होती तशीच होती, सदतीस वर्षांत जवळजवळ एक अंश वर. तिथे कुणी पट्टी ठेवली नव्हती. नेहल म्हणाली, आबा, तुमची वही खरी ठरली, आणि रात्रीचं जास्त महत्त्वाचं आहे. हे ती समाधानाने म्हणाली. तिचं बरोबरच होतं.

चुडामणने विचारलं, छापताना काय लिहाल? तिने वाचून दाखवलं, घरातील व्यक्तीकडून केंद्राजवळ पाण्याचा वापर, दुरुस्ती केली आहे. नाव घालता येईल का, त्याने विचारलं. अशा लेखात नावं घालत नाहीत, ती हळू आवाजात म्हणाली. त्याने मान हलवली. पडद्यावर दोन रांगा होत्या, जुन्या आकड्यांची आणि दुरुस्त आकड्यांची. दुरुस्त रांगेत नव्वद सालची, दोन हजार सालची, तेराची प्रत्येक दुपार, ती घरात नसती तर जशी झाली असती तशी होती.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला भांडी झाली आणि त्याने सवयीने बादली भरली. दारापर्यंत आल्यावर लक्षात आलं. आता पाणी टाकणं म्हणजे जाणूनबुजून खोटी नोंद. त्याने बादली तिथेच उंबऱ्याशी ठेवली आणि खाटेवर जाऊन पडला. झोप आली नाही.

साडेपाचला पेटी उघडली. चव्वेचाळीस पूर्णांक सहा. तापमापक झटकला, जागेवर ठेवला, वहीत आकडा लिहिला. खालची हरळी टोकांना पिवळी पडायला लागली होती. पेटीचं दार लावून तो घरात आला आणि चुलीपाशी थोडा वेळ उभा राहिला, कुणी विचारेल म्हणून. शोभाबाई भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं, पण तिला कधी विचारायची सवय नव्हती. तो ताटावर बसला.